जुना पीसी, पंधरा हजार रुपये आणि गेमिंग: आधी पैसे कुठे टाकायचे?

ट्रेनमध्ये नेट जातं म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. बोलताना मी जिथे भरकटलो होतो ते कापलंय आणि आकडे जरा सविस्तर दिलेत, कारण आकडे कानाने लक्षात राहत नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: "दादा, घरी जुना पीसी पडलाय, कुठलं ग्राफिक कार्ड टाकू?" कार्डाचं नाव मी सांगणार आहे, पण बरंच नंतर. पंधरा हजारांत कार्ड हा शेवटचा निर्णय असतो. त्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्यातली एक चुकली तर कार्डासकट सगळा डबा जातो.

उदाहरण घरातलंच घेऊ. माझा मावसभाऊ विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, कॉलेजला आहे. संध्याकाळी एका दुकानात काम करून त्याने पंधरा हजार साठवले होते. घरात २०१४ च्या सुमाराला असेंबल केलेला पीसी: इंटेल आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. ग्राफिक कार्ड नाहीच. त्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं, आणि मित्रांसारखं जीटीए ५. आता यातली खरी मेख ऐका. घरातला हा एकमेव कॉम्प्युटर. मावशी बचत गटाचा हिशोब त्याच्यावर ठेवते, धाकट्या बहिणीची टॅलीची प्रॅक्टिस त्याच्यावरच चालते. म्हणजे प्रयोग फसला तर गेमिंग राहिलं बाजूला, तीन माणसांचं काम बंद.

त्याने मला एका सेकंडहँड कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवला. आरएक्स ५८०, ८ जीबी. "दादा, एवढ्यात ८ जीबी मिळतंय, उचलू का?" मी म्हटलं, आधी कॅबिनेटचं डाव्या बाजूचं झाकण उघड आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठव.

स्टिकरवरचं गणित

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणारा डबा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, हे दोन खादाड, जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय याला फारशी किंमत नाही. बाजूच्या बारीक तक्त्यात "+१२ व्ही" च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि त्याला १२ ने गुणायचं.

आमच्या डब्यावर मोठं "४५० वॉट" होतं. तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. झालं, ही खरी ताकद, आणि तीही नव्या डब्याची. अकरा वर्षं मुंबईच्या दमट हवेत आणि धुळीत चाललेला डबा तेवढी तरी देईल का, देव जाणे.

आता खर्चाची बाजू. आय५-४५९० ची रेटिंग ८४ वॉट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४० धरा. आरएक्स ५८० एकटं १८५ वॉटचं. बेरीज ३०९. डबा १९२ चा. हे लग्नाच्या हॉलमध्ये घरगुती मीटरवर एसी लावण्यासारखं आहे. फरक एवढाच की मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये नीट संरक्षण नसेल तर तो जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. डेस्कटॉपवर सगळं छान चालतं, गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी. लोक कार्डाला शिव्या घालतात.

दुकानात तुम्हाला एक स्वस्त इलाज सांगतील: जुन्या चार पिनच्या मोलेक्स वायरीवरून कार्डाची सहा किंवा आठ पिन काढून देणारा कन्व्हर्टर. नको. त्या कन्व्हर्टरने पिन वाढतात, वीज वाढत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं की पहिला खर्च एसएमपीएसचा. ओळखीच्या ब्रँडचा, ४५० वॉटचा, ज्याच्या १२ व्होल्टच्या लाइनवर किमान ३०-३५ अँपिअर लिहिलेत असा. "८० प्लस" हा शिक्का असला तर चांगलं, पण तो शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. आतला माल दणकट आहे की नाही हे नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं. आणि ही एकच वस्तू सेकंडहँड घेऊ नका. रॅम जुनी चालते, प्रोसेसर जुना चालतो, कार्डसुद्धा तपासून घेतलं तर चालतं. एसएमपीएस नवाच.

ज्यांच्याकडे डेल, एचपी किंवा लेनोव्होचा ऑफिसमधून निघालेला डबा आहे, त्यांनी इथे थांबून आत बघा. त्यातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मदरबोर्डला जाणारी पिन नेहमीच्या २४ ची नसते, ८ किंवा ६ ची असते. बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही, वेगळी कन्व्हर्टर केबल लागते. डबा बारीक, उभ्या वहीसारखा असेल तर एसएमपीएसचा आकारही वेगळा आणि कार्डही "लो प्रोफाइल", म्हणजे अर्ध्या उंचीचंच बसतं. कार्ड घेतल्यावर हे कळलं तर दुकानदार परत घेत नाही.

अडतंय नेमकं कुठे

आता तुमचा पीसी स्लो का आहे हे दुसऱ्याच्या व्हिडिओवरून ठरवू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सचं पान. गेम चालू ठेवून पाच मिनिटं ते बघा.

डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर दोष हार्ड डिस्कचा, किंवा रॅम भरल्यामुळे विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतंय. मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं असतं, तिथे दोनपैकी एकच भरलाय का ते बघा. कार्ड असेल आणि जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ५०-६० वर आरामात आहे आणि तरी एफपीएस रडतायत, तर प्रोसेसर कमी पडतोय. इथे फसायला होतं, कारण प्रोसेसरचा एकूण आकडा ६० टक्के दिसू शकतो आणि तरी त्याचा एक कोअर पूर्ण भरलेला असतो. साधी परीक्षा अशी: गेमचं रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची. तेवढेच राहिले तर प्रोसेसरची, कारण चित्र लहान केलं म्हणून प्रोसेसरचं काम कमी होत नाही.

आमच्या डब्यात डिस्क १०० वर आणि रॅम ९३ टक्के भरलेली. व्हॅलोरंट बंद असताना.

एफपीएसचं गणित मजेशीर आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे डिस्कवर काही शोधायला गेलात की अर्ध्या फ्रेमपर्यंतचा वेळ नुसता फिरण्यात जाऊ शकतो, आणि त्याआधी तिची सुई जागेवर यायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणून जुन्या पीसीवर सरासरी एफपीएस बरे दिसतात आणि तरी वळणावर, गोळी झाडताना, नेमका झटका बसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती वाट बघणं संपतं. एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत हे खरंय. झटके कमी होतात, गेम लवकर उघडतो, आणि मावशीची एक्सेल फाइल दोन सेकंदांत येते.

एच८१ बोर्डावर एक छोटी खोच आहे. त्याच्या चार साटा पोर्टपैकी दोनच पूर्ण वेगाचे, ६ गिगाबिटवाले असतात. बाकीचे दोन ३ गिगाबिटचे. बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडीची वायर वेगवान पोर्टला लावायची आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-पिक्चरसाठी हळू पोर्टला. एनव्हीएमईच्या नादाला या बोर्डावर लागू नका.

रॅमचं म्हणाल तर ४ जीबीच्या जागी ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या. दोन्ही स्लॉट भरले की प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता दुपदरी होतो: डीडीआर३-१६०० ला एका पट्टीवर सेकंदाला १२.८ जीबीचा वेग मिळतो, दोनवर २५.६. कार्ड नसताना याचा फरक फारच जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅममधूनच जागा आणि वेग उसना घेतं. एच८१ वर १६ जीबी ही कमाल मर्यादा, त्यामुळे पुढे विचार करायचाच नाही.

एसएसडी आणि रॅम लावून आम्ही आठवडाभर तसंच चालवलं. कार्ड नसतानाही ७२० रिझोल्यूशन आणि सगळं लो ठेवून व्हॅलोरंट खेळण्यासारखं झालं. मावसभावाला वाटलं बास, एवढंच पुरे. जीटीएने मात्र मान टाकली.

आता कार्ड

मदरबोर्डाच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्लॉट स्वतः ७५ वॉट देऊ शकतो. तेवढ्यात भागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. जुन्या पीसीसाठी हाच पट्टा सुरक्षित. यात तीन-चार नावं सारखी ऐकू येतात.

जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चं. स्वस्त मिळतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट. आरएक्स ६४०० कागदावर छान, ५३ वॉट, २०२२ चं. पण मदरबोर्डाशी बोलायला ते फक्त चार लेन वापरतं. नव्या, पीसीआय एक्स्प्रेस ४ च्या बोर्डावर त्या चार लेनवरून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. आमचा एच८१ पडला पीसीआय एक्स्प्रेस २ चा, तिथे त्याच चार लेनवर २ जीबी. हायवेची गाडी थेट विक्रोळी स्टेशनबाहेरच्या गल्लीत घातल्यासारखं. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की झटके सुरू. जीटीएक्स १६५० मात्र सोळा लेन वापरतं, म्हणजे जुन्या बोर्डावरही त्याला ८ जीबीचा रस्ता मिळतो. २०१९ चं कार्ड, ७५ वॉट, ४ जीबी. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॉटचं आणि याहून बरंच ताकदवान, पण ते आमच्या बजेटच्या बाहेर गेलं.

तर आमच्यासाठी १६५०. घेताना एवढंच बघायचं की त्याच्या डोक्यावर पॉवरची पिन आहे का. काही कंपन्यांनी वेग थोडा वाढवून सहा पिन दिली आहे. नवा एसएमपीएस असेल तर तीही चालते.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही गोंधळेल. विक्रोळीहून स्लो पकडून दादर, तिथे वेस्टर्नला बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. पहिल्या दुकानात भाव फक्त विचारायचा. तिसऱ्या दुकानापर्यंत खरा भाव आपोआप कळतो.

सेकंडहँड कार्ड चालू करून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, मग समोर दुकान असो की ओएलएक्सवाला. पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड आणि फरमार्क ही दोन फुकट सॉफ्टवेअर घेऊन जा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला नव्याचं नाव देण्याचा धंदा जोरात आहे. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे बहुतेक वेळा सरळ "फेक" लिहून दाखवतं. आरएक्स ५८० च्या बाबतीत आणखी एक: २०४८ एसपी नावाचा त्याचा एक भाऊ आहे, खऱ्याच्या २३०४ ऐवजी २०४८ कोअरचा, आणि तो सर्रास ५८० म्हणूनच विकला जातो. मग फरमार्क दहा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, रेघा आल्या, पंखा खरखरला, तापमान चढतच राहिलं तर नमस्कार करून निघा. "टेस्टिंग वॉरंटी" किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, कार्डाच्या सिरियल नंबरसकट.

२०२५ च्या मे महिन्यात आमचा हिशोब असा लागला: एसएमपीएस २,९००, एसएसडी २,७००, रॅमच्या दोन जुन्या पट्ट्या १,४००, जुनं १६५० कार्ड ६,०००. एकूण १३,०००. हे भाव आज धरून चालू नका. २०२५ च्या शेवटाला एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर भडकले, त्यात रॅम आणि एसएसडी दोन्ही आले. प्रमाण मात्र बघा: कार्डावर निम्म्याहून कमी गेले.

जीटीए ५ आता १०८०पी वर, काही सेटिंग हाय आणि काही नॉर्मल ठेवून साठच्या आसपास चालतो. व्हॅलोरंट शंभरच्या पुढे जातं. उरलेल्या दोन हजारांत त्याला आय७-४७९० टाकायचा होता. त्याच सॉकेटमध्ये बसतो, वीजही तेवढीच, ८४ वॉट, आणि चारऐवजी आठ थ्रेड मिळतात. मी विचारलं, तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा? साठ. म्हणजे शंभर फ्रेम बनल्या तरी डोळ्यांना साठच दिसतात. आय७ बारगळला.

ते दोन हजार इलेक्ट्रिशियनकडे गेले. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणजे प्लगला अर्थिंग नव्हतं. टू-पिनच्या एक्स्टेंशन बोर्डावर पीसी चालवणारे बरेच जण आहेत, त्यांना हा चटका ओळखीचा असेल. थ्री-पिनच्या पॉइंटला अर्थची वायर खरंच जोडलेली आहे का ते तपासून घ्या. नवीन कार्डापेक्षा हे काम मावशीला जास्त आवडलं, कारण तिला तो चटका रोज बसायचा.

केव्हा हात लावायचा नाही

आता कटू भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे जादा अपडेट नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते घ्या, विशेषतः त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार होत असतील तर. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, एएमडीत साधारण रायझन २००० पासून. जुगाड करून जुन्या मशीनवर ११ टाकता येतं, यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे जुगाडाचं ११ टाकलंत की नेमका तोच गेम उघडत नाही ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला. बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट हवं, कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ ला दोन्ही. मावसभावाला हे आधीच सांगितलं होतं: तू पुढची दीड-दोन वर्षं विकत घेतोयस, पाच नाही. त्याला चाललं, कारण एसएमपीएस, एसएसडी आणि कार्ड पुढच्या मशीनमध्ये जसंच्या तसं जाणार आहे. अडकलेले पैसे फक्त रॅमचे, १,४००.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा असेल, म्हणजे आकडा दोन हजार किंवा तीन हजारांत, तर एसएसडी टाकून तो घरच्या कामाला ठेवा आणि गेमिंगसाठी त्यावर रुपया घालू नका. त्यात एव्हीएक्स२ नावाच्या सूचनाच नाहीत, आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्याऐवजी ऑफिसांमधून लीज संपून बाहेर पडणारे आठव्या पिढीचे डबे शोधा, आय५-८५०० वगैरे. सहा कोअर, विंडोज ११ अधिकृत. उभा टॉवर मिळाला तर उत्तम, बारीक डबा असेल तर वर सांगितलेली उंचीची आणि पिनची भानगड आधी तपासा.

तुमच्या पीसीबद्दल विचारायचं असेल तर नुसतं "कुठलं कार्ड?" असं पाठवू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डाचं नाव, मॉनिटर किती हर्ट्झचा, आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा वाचता येईल असा फोटो. झाकण उघडण्याआधी प्लग काढा.